गिरिजाचं स्वच्छ ताट

गिरिजानं शेवटचं ताट माझ्यासमोर धुतलं, तो रविवार होता. मार्च सरत आलेला, भालकीला दुपारी पत्रे तापून घराची भट्टी झालेली, आणि ही माझी जाऊ अंगात स्वेटर घालून जेवायला बसलेली. ताटात चतकोर भाकरी, दोन घास भात, आमटीचं वरवरचं पाणी. जेवण झाल्यावर तिनं ताटात तांब्यातलं पाणी ओतलं, बोटांनी काठ न् काठ धुतला आणि दोन्ही हातांनी ताट उचलून ते पाणी पिऊन टाकलं. यात नवल काही नाही. आमचं घर बसवण्णांना मानणारं. आमच्यात अन्न म्हणजे प्रसाद. ताटात शीत टाकायचं नाही, आणि जेवल्यावर ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पाणी पिऊन झाल्यावर गिरिजानं रिकामं ताट माझ्याकडं तिरकं धरलं आणि म्हणाली, "बघ अक्का, एक शीत न्हाई ठिवलं. आता तरी मास्तरीणबाईवानी बघू नको माझ्याकडं." मी हसले... हसायला नको होतं. ती उठून मागच्या मोरीकडं गेली आणि मोरीतला नळ सुरू झाला.

मंगळवारी मी दहावीच्या परीक्षेच्या देखरेखीवर होते. फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात जमा. पेपर संपून फोन हातात आला तेव्हा त्यावर घरचे सतरा मिस्ड कॉल होते. मी उलटा फोन लावला तो माझ्या मुलीनं, पूर्वानं उचलला. "आई, काकू उठंना गेलीय..." एवढंच म्हणाली. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला. पूजेला बसली ती बसल्या जागीच कलंडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी धाकटी जाऊ एक्केचाळीस वर्षांची होती. पेपर आणि सह्या तशाच टाकून मी रिक्षात बसले आणि रस्ताभर माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: मला माहीत होतं, मला माहीत होतं, मला माहीत होतं.

आता सात आठवडे झाले. शाळेला सुट्टी आहे. मागच्या खोलीत जेवणाच्या टेबलापाशी बसून हे लिहिते आहे. गिरिजाची आठवण म्हणून लिहिते आहे असं घरी सांगितलंय, ते खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मी भीतीनं लिहिते आहे. कसली भीती, ते ओघात येईलच.

गिरिजा निंबर्ग्याची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तेवीसची होती, गोरीगोमटी, गुबगुबीत, आणि हसली की दोन्ही गालांवर खळ्या पडायच्या. तिच्या माहेरी बोलणं कन्नडमध्ये, आमच्याकडं मराठीत. भांडायचं झालं की ती कन्नडमध्ये शिरायची आणि लाडात आली की मराठीत यायची. माहेराहून तिनं एक खोलगट काठाचं स्टीलचं ताट आणलं होतं. काठावर भांडेवाल्याकडून टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलेलं, कन्नड अक्षरांत. त्या ताटाशिवाय ती जेवायची नाही. आणि जेवायची कशी! आमच्या हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तूप घालून पहिल्याच सणाला तिनं तीनदा वाढून घेतलं. आमच्याकडं वाढणाऱ्याला थांबवायला 'साकू' म्हणतात, म्हणजे पुरे. गिरिजा साकू म्हणायचीच नाही, पळी रिकामी झाली की आपोआप थांबायची. आमच्या सासूबाईंना, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, तिचं भारी कौतुक. "असं खाणारं माणूस घरात असलं म्हंजी रांधणारीच्या हाताला चव येती," असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि सांगताना माझ्याकडं तिरपं बघायच्या, कारण मी पहिल्यापासूनच चिमणीच्या चोचीनं खाणारी.

घर एकच. खाली बी-बियाण्याचं दुकान आणि त्यामागं धाकटा दीर सिद्धण्णा, गिरिजा आणि अव्वा, वर आम्ही तिघं, आणि चूल सगळ्यांची मिळून एक. मी सकाळी शाळेत गेले की पूर्वा गिरिजाच्याच ताब्यात. गिरिजाला मूल झालं नाही. त्यासाठी कलबुर्गीपासून सोलापूरपर्यंत दवाखाने झाले, गोळ्या झाल्या, सुया झाल्या. त्या औषधांनी तिचं अंग आणखी भरलं. मग तिथल्याच एका दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, वजन थोडं उतरवा, फायदा होईल. त्या सांगण्यात वाईट काही नव्हतं. पण फायदा झाला नाही, दवाखाने बंद झाले, आणि वजन उतरवायचं तेवढं मागं राहिलं. माझी आजची समजूत अशी की जे शरीर बारा वर्षं तिचं काही ऐकत नव्हतं, ते या एका बाबतीत ऐकायला लागलं, आणि तो नाद तिला सोडवेना. ही समजूत मला तेव्हा आली असती तर... जाऊ दे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी विज्ञान शिकवते. संतुलित आहाराचा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते.

आणि माझी जीभ. माझी जीभ शाळेत मुलांवर चालते आणि घरी मोठ्यांवर. साडेचार-पाच वर्षांपूर्वी कलबुर्गीला नात्यातलं लग्न होतं. सगळ्या बायका एका खोलीत तयार होत होत्या. गिरिजाला नवा ब्लाउज घट्ट व्हायला लागला, हुक लागेना. मी म्हटलं, "गिरिजा, तुला आता ब्लाउजपीस न्हाई पुरणार बाई, अख्खं थानच आणावं लागंल." खोलीभर हशा पिकला. सगळ्यांत जास्त गिरिजाच हसली, खळ्या पडेपर्यंत. मग जेवणाच्या पंगतीत होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढायला माणूस आला, तिच्या ताटात एक पडली आणि दुसरीच्या आत तिनं ताटावर हात आडवा धरला. "साकू," म्हणाली. हा शब्द मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. एका थट्टेनं माणूस आजारी पडत नाही, असं मला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं, त्यामागं पुष्कळ गोष्टी असतात म्हणाले. त्यांचं बरोबरच असणार. तरी तो आडवा हात मला अजून दिसतो.

पहिलं वर्ष-दीड वर्ष सगळ्यांना आनंदच होता. पहाटे चालायला जायची, गोड बंद केलं, भात बंद केला, मग भाकरीसुद्धा. फोनवर बायकांचा एक गट होता. कुणीतरी भुकट्या विकायची, कुणी आधीचे-नंतरचे फोटो टाकायची. गिरिजा बारीक झाली आणि गावानं तिला डोक्यावर घेतलं. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, काय करतीस गं, आम्हालाही सांग. मीसुद्धा शिक्षकांच्या खोलीत तिचा फोटो दाखवून म्हटलं, ही बघा माझी जाऊ, जिद्द बघा. ही बाई पोटभर जेवायची तेव्हा आम्ही तिची थट्टा केली आणि उपाशी राहायला लागली तेव्हा टाळ्या वाजवल्या. याच सुमारास माझ्या नवऱ्याला साखरेसाठी डॉक्टरांनी आठवड्याची सुई सुरू केली. फ्रिजच्या दारात तो डबा असायचा. त्यांची साखर आटोक्यात आली, पोट उतरलं, चेहरा खुलला. एकदा गिरिजानं भांडी पुसता पुसता मला विचारलं, "अक्का, अण्णाच्या त्या सुईनं भूकच मरती म्हणं, खरं काय?" मी म्हटलं, "व्हय. पण तुला काय करायचंय? तुला कुठं साखर हाय?" ती म्हणाली, "न्हाई गं, उगं इचारलं." आणि ताट पुसत राहिली. भूक मारायची चौकशी ती आधीच उपाशी असलेली बाई करत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढं ती जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायला लागली. वाढणारीनं शेवटी बसायचं ही घरोघरची पद्धत, त्यात कुणाला काय वावगं दिसणार? आमच्यात तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतात आणि पूजा झाल्याशिवाय अन्न घेत नाहीत. गिरिजाची पूजा पूर्वी दहा मिनिटांत उरकायची. ती अर्ध्या तासाची झाली, मग तासाची, मग दुपार टळेपर्यंत चालायची. अव्वा दारातूनच हात जोडायच्या. "आमच्या गिरिजावर शिवाची कुरपा झाली," म्हणायच्या. श्रावण संपला तरी तिचे सोमवार संपले नाहीत. आम्ही तिची भूक बघत होतो आणि तिला भक्ती म्हणत होतो. अन् त्यावर शिक्का म्हणजे ते ताट. कुणी विचारलंच की जेवलीस का गं, तर ती धुतलेलं ताट दाखवायची. आमच्या घरात स्वच्छ ताटापुढं दुसरा पुरावा लागत नाही. ताटात मुळात काय पडलं होतं आणि त्यातलं पोटात काय राहिलं, हे ताट सांगत नाही, एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या घरात कुणाला सुचली नाही.

मला सुचली ती नळामुळं. जेवण झालं की ती मागच्या मोरीत जायची, दार लावायची आणि नळ पूर्ण सोडायची. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं, बादली-बादली जपून वापरतो, आणि ही पाच-पाच मिनिटं नळ सोडून देते, याचा मला राग यायचा. एकदा मी दार वाजवून ओरडले, "अगं, टाकी रिकामी करायलीस काय?" नळ बंद झाला. आणि बंद झाल्यावर आतून जो आवाज आला तो मी ओळखला. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल, चेहरा सुजलेला. "पित्त झालंय," म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं आणि तिनं माझ्याकडं. दोघींनाही कळलं की हे पित्त नव्हे. आणि मी काय केलं? आत जाऊन तिच्यासाठी आल्याचा रस केला. भीती वाटली की माणूस असलं काहीतरी हातानं करत राहतो.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती ओट्यापाशीच चक्कर येऊन पडली. सिद्धण्णा बियाण्यांच्या मालासाठी लातूरला गेलेला. मी तिला बीदरला घेऊन गेले. रक्त तपासलं, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "काही गोळ्या घेता का?" गिरिजा म्हणाली, "न्हाई सर." त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "मॅडम, यांच्या रक्तात पोटॅशियम फार उतरलंय. त्यावर हृदयाचा ठोका चालतो. आज सलाईननं भरून निघेल, पण मूळ आजार खाण्याशी जोडलेला आहे आणि तो मनात आहे. मनाच्या डॉक्टरांना दाखवा. फार बारीक माणसालाच हा आजार होतो असं समजू नका, आणि चांगली दिसते म्हणून बरी आहे असंही समजू नका. घरी रागावू नका, घासावर पाळत ठेवू नका. पण उशीर करू नका." मी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये गिरिजानं माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती. "अक्का, अव्वाला सांगू नको. ह्यांनाबी नको. अव्वा माझ्या पूजेला हात जोडत्यात गं... त्यांना काय वाटंल? बसवण्णाची आण हाय तुला." मी आण घेतली. मला वाटलं, मी तिची लाज राखते आहे. घरात सांगितलं, अशक्तपणा होता. अव्वांनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले, आणि गिरिजानं सगळ्यांसमोर एक लाडू खाल्ला, ताट धुऊन पाणी प्याली आणि मोरीत गेली. मी स्वयंपाकघरात उभी होते. नळाचा आवाज ऐकत होते. आण घेतलेली होती.

एकदा मात्र आम्ही कलबुर्गीला मनाच्या डॉक्टरांकडं गेलो, साड्या घ्यायला चाललोय असं सांगून. त्या बाई होत्या, तरुण. गिरिजा तासभर आत होती. बाहेर आली तेव्हा चेहरा रडून धुतल्यासारखा, पण मोकळा. बसस्टँडवर तिनं आपणहून इडली मागितली. एक पूर्ण खाल्ली, दुसरी अर्धी. खाता खाता म्हणाली, "अक्का, त्या बाईनं मला वजन इचारलंच न्हाई बघ. रात्री झोप लागती काय, हे इचारलं. आजपातूर मला हे कुणीच इचारलं न्हवतं." कित्येक महिन्यांनी तिच्या गालावर खळी पडली. पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं. पण त्या सोमवारी अव्वांनी घरी दासोह ठेवला, गावजेवण, रांधायला गिरिजाच पुढं. पुढच्या सोमवारी माझ्या शाळेत सराव परीक्षा. त्याच्या पुढच्या सोमवारी ती म्हणाली, आता बरं वाटायलंय, कशाला उगं? मला थकवा आला होता, आणि खोटं बोलून कितीदा साड्या आणायच्या! मी म्हटलं, बरं, पुढल्या सोमवारी. सिद्धण्णाला एका शब्दानं सांगितलं असतं तर तो तिला दुकान टाकून रोज घेऊन गेला असता, इतका जीव होता त्याचा तिच्यावर. घरात आम्ही तिला वाचवू शकणारी चार माणसं होतो. त्यातल्या तिघांना काही माहीत नव्हतं आणि चौथीनं तोंडाला कुलूप घातलं होतं. पुढला सोमवार, पुढला सोमवार करता करता तो मंगळवार आला.

तिला माती दिल्यावर चार दिवसांनी मी तिचं देवघरातलं कपाट आवरायला घेतलं. विभूतीच्या डब्यामागं गोळ्यांची पाकिटं होती. कशावरही धड नाव नाही, एकावर नुसतं फुलाचं चित्र. ती घेऊन मी परत बीदरच्या त्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. मी विचारलं, "सर, आमच्या घरात साखरेसाठी सुई चालू आहे, तीही बंद करू का? आता मला सगळ्याच औषधांची भीती वाटते." ते म्हणाले, "ते औषध बंद करू नका. ज्याला गरज आहे, ज्याच्यावर डॉक्टरची नजर आहे, त्याला ते चांगलंच. यांना या गोळ्यांची गरज नव्हती, आणि त्यांवर कुणाची नजरही नव्हती. आत काय आहे ते लिहिलेलंच नाही, मी तरी काय सांगू? अशा काही गोळ्यांनी अंगातलं पाणी जातं. पाण्याबरोबर पोटॅशियम जातं." मग म्हणाले, "घरात आणखी कुणी मुलगी आहे का?" मी हो म्हटलं. तो प्रश्न घेऊन मी घरी आले आणि त्या दिवसापासून मला झोप नाही.

कारण पूर्वा सतरा वर्षांची आहे आणि ती काकूच्या मांडीवर वाढली आहे. केस विंचरायला काकू, रुसायला काकू, गुपितं सांगायला काकू. गेलं वर्षभर दोघी मिळून आरशासमोर उभ्या राहायच्या, फोनमध्ये काहीबाही बघून खुसखुसायच्या, आणि मी म्हणायची, चला, हिला मैत्रीण तरी आहे. काकू गेल्यावर ती रडली नाही. काकूच्या ताटात जेवायला लागली, एवढंच. अव्वांचे डोळे भरून आले, म्हणाल्या, बघ पोरीचा जीव कसा हाय. मीही तेच म्हटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की पूर्वाचं ताट रोज लख्ख असतं. आधी ही पोर प्रसाद वाया घालवते म्हणून अव्वांच्या शिव्या खायची, भेंडी बाजूला सारायची, भात टाकायची. आता शीत राहत नाही. ताट धुते, पाणी पिते, आणि मागच्या मोरीत जाते... आणि नळ.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिथं होते तिथंच खाली बसले. मनाला समजावलं, हात धुवत असेल. दुसऱ्या दिवशी समजावलं, तोंड धुवत असेल. तिसऱ्या दिवशी मला माझीच लाज वाटली. बीदरहून येताना बसमध्ये घेतलेली ती आण मी पुन्हा घेऊन बसले होते, या खेपेला न मागता.

त्या दुपारी मी सगळ्यांना बसवलं. पूर्वालाही. अव्वा, माझा नवरा, सिद्धण्णा. आणि सगळं सांगितलं: मोरीतला आवाज, बीदर, रक्ताचा कागद, कलबुर्गी, साड्या, चुकवलेले सोमवार, विभूतीच्या डब्यामागची पाकिटं. सिद्धण्णा भिंतीकडं तोंड करून बसला. त्यानं एवढंच विचारलं, "वैनी, मला कामून न्हाई सांगितलं?" तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. बोलला नाही तरी त्याचा हक्क आहे. मला खरी धास्ती अव्वांची होती, ब्याऐंशीची म्हातारी, देवभोळी. त्या म्हणाल्या, "म्हंजी मी रोज दारात हुभी ऱ्हाऊन त्या लेकराच्या भुकेला हात जोडायलते काय गं?" त्यांनी पदरानं तोंड झाकलं.

पूर्वा मान खाली घालून बसली होती. मी तिला काहीच विचारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवत होतं, रागावू नका, पाळत ठेवू नका. फक्त म्हटलं, "सोमवारी आपण कलबुर्गीला जायचं. साड्यांला न्हाई, डॉक्टरकडं. सगळ्यांना सांगून जायचं." ती उठून गेली. पण सोमवारी आली. तेव्हापासून तीनदा जाऊन आलो आहोत. सिद्धण्णा दुकानाची गाडी काढतो, आम्हाला सोडतो, खाली थांबतो, न बोलता परत आणतो.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. अव्वा एकट्या पाटावर, भिंतीला टेकून. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ताटात ठेवली आणि हात आखडता घेतला. मला वाटलं त्यांना बरं नाही. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, या बाईच्या ताटात मी कधी भाताचं शीत राहिलेलं बघितलं नव्हतं. आजारपणातसुद्धा त्या कण न् कण वेचून पाणी प्यायच्या. मी म्हटलं, "अव्वा, काय झालं?" त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. पूर्वाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जायना गेलं तर ऱ्हाऊ दे ताटात. माझंबी आज न्हाई गेलं. बसवण्णा काय इतका खडूस न्हाई, अर्ध्या भाकरीवरून रुसायला. पर खोटं नगं बाई. ह्या घरात आता खोटं ताट नगं." आणि ती अर्धी भाकरी तशीच सोडून त्या हाताचा आधार घेत उठल्या. उष्टं ताट मागं ठेवून जाताना त्यांचे ओठ पुटपुटत होते, शिवाची क्षमा मागत असणार. बाईनं आयुष्यभराचं व्रत नातीसाठी मोडलं आणि पुढं महिनाभर रोज मोडत राहिल्या. रोज थोडं टाकायच्या. ते मग कुत्र्याला जायचं. आमच्या गल्लीतलं कुत्रं सध्या मजेत आहे.

पूर्वाचं ताट लगेच बदललं नाही. अजूनही एखाद्या दिवशी ते नको इतकं लख्ख असतं. उरलेल्या दिवशी त्यात काहीतरी राहिलेलं असतं. आयुष्यभर ज्या गोष्टीला पाप म्हणत आले, ती दिसली की मला जरा श्वास घेता येतो. डॉक्टरबाई म्हणतात, वेळ लागेल, पुढं-मागं होईल, धीर धरा. मी धीर धरते. म्हणजे बाहेरून धरते. आत मी दिवसभर कान लावून असते. रस्त्यावर टँकरचा नळ सोडला तरी दचकते. शाळा सुरू होईल, पूर्वा कलबुर्गीला हॉस्टेलला जाईल, तिथल्या मोरीचा आवाज मला इथं कसा येणार? गिरिजावर लिहायला बसले आणि पानं पूर्वानंच भरली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. गिरिजा असती तर तिनंच मला ढकलून म्हटलं असतं, माझं काय घेऊन बसलीस अक्का, पोरीकडं बघ.

आजही आम्ही दोघीच उशिरा जेवलो. हे मी टेबलाच्या या टोकाला लिहीत होते आणि त्या टोकाला पूर्वा जेवत होती, गिरिजाच्या ताटात. काठावरची टिंबं घासून घासून पुसट झालीत, तरी नाव अजून वाचता येतं. दीड भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. तिनं एक भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी बोटानं इकडून तिकडं सरकवली. मग उठली आणि मोरीकडं गेली. माझा पेन थांबला... नळ सुरू झाला. मी आकडे मोजत नाही, डॉक्टरबाईंनी मनाई केली आहे, पण माझं काळीज मोजत होतं. नळ बंद झाला. चपला वाजल्या. पूर्वा ओले हात ओढणीला पुसत परत आली, आपल्या जागेवर बसली आणि ताट माझ्याकडं सरकवून म्हणाली, "आई, ही झाकून ठिव. टाकू नको. चारला खाईन."

मी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आहे. आता पावणेचार वाजलेत.